सस्कॅचेवानच्या खेड्यात राहून वर्षभर गाडी चालवायची तर

प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, स्विफ्ट करंट शहराच्या दक्षिणेला एका लहान गावात नुकतंच बिऱ्हाड केलंय. मोठा बाजार नि दवाखाना ९०-१०० किलोमीटरवर, राजधानी रेजायनाचा विमानतळ त्याच्याही बराच पुढे. बस नाही. मोबाईलवरचा नकाशा मधूनच जवळचा खडीचा रस्ता सुचवतो, तो धरावा का? हिवाळ्याची तयारी काय करावी? आणि आई-बाबांना पुण्याहून कधी बोलवावं?

आधी किलोमीटर मोजणं सोडा. प्रेअरीत, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मैदानात, १०० किलोमीटर म्हणजे एक तास, हे गणित बहुतेक दिवस बरोबर येतं, पण ज्या दिवशी चुकतं त्या दिवशी साफ चुकतं. निघण्यापूर्वी विचारायचं ते एवढंच: रस्ता कशाचा आहे आणि आज त्याची अवस्था काय? इथे रस्त्यांच्या चार जाती आहेत. पक्का डांबरी महामार्ग, खाली भक्कम थर नसलेला पातळ डांबरी रस्ता, खडीचा ग्रिड रोड आणि नुसत्या मातीची वाट. प्रत्येकाचा वाईट महिना वेगळा असतो.

बसबद्दल तुमचं बरोबर आहे. आपल्या एसटीसारखी इथे सरकारी एसटीसी होती, ती ३१ मे २०१७ ला बंद झाली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ग्रेहाउंड या खाजगी बस कंपनीनेही पश्चिम कॅनडातून गाशा गुंडाळला. प्रवासी रेल्वे सस्काटूनवरून जाते, स्विफ्ट करंट किंवा रेजायनाला येत नाही. त्यामुळे तुमची गाडी हीच तुमची एसटी, आणि तिची देखभाल त्याच हिशेबाने करायची.

आता नकाशाचं. सगळी जमीन मैलाच्या चौकोनांत आखलेली आहे. एक चौकोन म्हणजे सेक्शन, ६४० एकर. त्याचा पाव म्हणजे क्वार्टर, १६० एकर. असे ३६ सेक्शन मिळून एक टाउनशिप. दक्षिणोत्तर रस्त्याची जागा दर मैलाला आणि पूर्वपश्चिम दर दोन मैलांना सोडलेली आहे. पण जागा सोडली म्हणजे रस्ता बांधला असं नाही. नकाशा मात्र या रिकाम्या पट्ट्यालाही रस्ता समजतो आणि १२ किलोमीटर वाचवून देतो. प्रत्यक्षात तिथे दोन चाकोऱ्या आणि गुडघाभर गवत. 'पावसात वापरू नये' अशा अर्थाची पाटी दिसली तर ती शब्दशः खरी माना. सायप्रस हिल्स या टेकड्यांमधला गॅप रोड हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण: कोरड्या दिवशी सुंदर, ओला झाला की बंदच समजायचा. मोबाईलमध्ये प्रदेशाचा नकाशा आधीच उतरवून ठेवा, दऱ्याखोऱ्यांत नेटवर्क जातं. अनोळखी भागात पहिल्या खेपेला क्रमांक असलेल्या महामार्गानेच जा.

पत्ताही या चौकोनांतूनच सांगतात. 'एनडब्ल्यू १४-१०-१३, डब्ल्यू ३' म्हणजे तिसऱ्या मेरिडियनच्या (आखणीच्या मूळ दक्षिणोत्तर रेघेच्या) पश्चिमेला, १३ वी रेंज (टाउनशिपची उभी रांग), १० वी टाउनशिप, १४ वा सेक्शन, त्याचा वायव्य क्वार्टर. वाचायचं उलटीकडून. तुमच्या घराचा आणि नेहमीच्या रस्त्यावरच्या दोन-तीन वळणांचा असा पत्ता कागदावर लिहून गाडीत ठेवा. ९११ ला फोन केलात तर 'मोठ्या कोठाराजवळ' या वर्णनाला काही अर्थ नसतो, अशी कोठारं शेकडो आहेत.

या आखणीतली एक खोच नव्या माणसाला रात्री गोत्यात आणते. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे जाणाऱ्या रेघा एकमेकींच्या जवळ येतात, म्हणून दर २४ मैलांवर आखणी सरकवून घेतली आहे. त्या ठिकाणी सरळ चाललेला ग्रिड रोड अचानक टी-आकारात संपतो आणि पन्नास-शंभर किंवा त्याहून जास्त मीटर बाजूला पुन्हा सुरू होतो. तासभर नाकासमोर चालवून डोळे जड झालेल्या माणसाची गाडी थेट समोरच्या चरात जाते.

हिवाळा. थंडीचे आकडे ऐकून घाबरू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. उणे ३० दर वर्षी येतं, उणे ४० अधूनमधून. तुम्ही ओंटारिओ किंवा ब्रिटिश कोलंबियातून जुनी गाडी विकत आणली असेल तर पहिल्यांदा बघा की तिला ब्लॉक हीटर आहे का. उबदार भागातल्या बऱ्याच गाड्यांना तो नसतो. तो इंजिनातलं कूलंट गरम ठेवतो. त्याचं प्लग बॉनेटच्या पुढच्या जाळीतून लोंबतं. पारा उणे १५ च्या खाली जाणार असेल तर लावा. रात्रभर लावायची गरज नाही, टायमर लावून निघण्यापूर्वीचे ३-४ तास पुरतात. चालतोय की नाही हे कळायला प्लग लावल्यावर शांत जागी इंजिनाजवळ कान द्या, बहुतेकदा मंद खदखद ऐकू येते. एक्स्टेन्शन वायर थंडीत लवचीक राहणारी, बाहेरच्या वापराचीच घ्या, साधी वायर उणे ३० ला काडीसारखी मोडते. आणि निघताना प्लग काढा! हे प्रत्येकजण एकदा तरी विसरतो.

कूलंट निम्मं पाणी-निम्मं असेल तर साधारण उणे ३७ पर्यंतच टिकतं, म्हणून इथले मेकॅनिक ६०-४० चं मिश्रण भरतात. गॅरेजात तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. तेल ० डब्ल्यू किंवा ५ डब्ल्यू सिंथेटिक, गाडीच्या पुस्तिकेत जे असेल ते. बॅटरी ऑक्टोबरमध्येच तपासा. उणे १८ ला तिची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. काच धुण्याचं पाणी उणे ४० वालंच. उन्हाळ्याचं पाणी टाकीत उरलं असेल तर ते आधी फवारून संपवा, नाहीतर दोन्ही मिसळून नळी गोठते. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. अडकलात तर तेवढीच तुमची शेकोटी.

टायरबाबत कायद्याची सक्ती नाही, तरी चर्चा नको: चारही चाकांना हिवाळी टायर, ज्यावर तीन शिखरं आणि हिमकणाची खूण असते. बर्फ नसला तरीही, कारण ७ अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं. फक्त पुढच्या दोन चाकांना बसवून पैसे वाचवणं हा सगळ्यात वाईट पर्याय, वळणावर गाडीची शेपूट सुटते. दर ५-६ अंश उतारामागे टायरमधली हवा साधारण एक पौंडाने कमी होते, त्यामुळे पहिल्या कडाक्याला डॅशबोर्डवर दिवा लागला तर पंक्चरच आहे असं समजू नका, हवा भरा. सकाळी पहिला किलोमीटर-दोन किलोमीटर गाडी बैलगाडीसारखी धडधडते. रात्रभर एका जागी दबून टायर तळाशी चपटे झालेले असतात. इथले लोक त्याला चौकोनी चाकं म्हणतात. हळू चालवा, आपोआप गोल होतात. ओल्या गाडीला रात्री हँडब्रेक लावू नका, केबल गोठून चाक जाम होतं. काचेवर गरम पाणी तर कधीच नको.

गाडीत ठेवायचं: फावडं, बूस्टर केबल, ओढायचा दोर, चाकाखाली टाकायला वाळू, टॉर्च, डब्यात उभी जाड मेणबत्ती आणि काड्यापेटी, माणशी एक स्लीपिंग बॅग किंवा जाड ब्लँकेट, जास्तीचे मोजे-हातमोजे. गोधडी चालेल, पण ती ओली होऊ द्यायची नाही. खायला चिक्की आणि शेंगदाणे. बुंदीचे लाडू उणे ३० ला दगड होतात, दात जातील. बॅटरीला धक्का देणारं लिथियमचं पॅक घेतलं असेल तर ते घरात ठेवा आणि निघताना सोबत न्या. गाडीत गोठून पडलेलं पॅक ऐनवेळी हात वर करतं. मोबाईल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

पण खरा शत्रू थंडी नव्हे, वारा. निरभ्र आकाशाखाली, एक कणही पडत नसताना, शेतातला कालचा बर्फ उचलून वारा रस्त्यावरून सापासारखा सरपटत नेतो. वाढला की समोरचं बॉनेटही दिसत नाही. म्हणून निघण्यापूर्वी तापमान एकदा आणि वाऱ्याचा वेग दोनदा बघा. मग प्रांताची हायवे हॉटलाइन, संकेतस्थळ किंवा ५११ वर फोन. तिथे 'प्रवास टाळावा' लिहिलं असेल तर भेट पुढे ढकला. ही सूचना उगाच लावत नाहीत, आणि अशा वेळी टो-ट्रकही बऱ्याचदा येत नाही.

मध्येच सापडलात तर हेडलाइटची कळ स्वतः फिरवा. दिवसा आपोआप लागणारे दिवे अनेक गाड्यांत फक्त पुढचे असतात, मागचे लाल दिवे बंदच राहतात आणि मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसतच नाही. अप्पर लावू नका, बर्फाची भिंत उजळते. क्रूझ कंट्रोल बंद. रस्त्याच्या लेनमध्ये थांबू नका; उजव्या कडेची पांढरी रेघ धरून पुढच्या गावापर्यंत किंवा शेताच्या फाट्यापर्यंत या. पुढे बर्फाच्या ढगातून चाललेला, रस्त्यावरचा बर्फ सारणारा नांगर ट्रक असेल तर त्याच्या मागेच राहा. ओलांडायला गेलात तर त्या ढगात समोरून कोण येतंय ते दिसणार नाही. आणि दिवे लावून थांबलेल्या पोलीस, रुग्णवाहिका, टो-ट्रक किंवा रस्ता कामगारांजवळून जाताना वेग ६० च्या आत, हा इथला कायदा आहे.

गाडी चरात गेली आणि निघाली नाही, तर गाडी सोडायची नाही. समोर शेतघराचा दिवा दिसतो, वाटतं हाकेच्या अंतरावर आहे. सपाट मैदानात तो पाच किलोमीटरवर असू शकतो. वाऱ्यासकट जाणवणारं तापमान उणे ४० च्या खाली असेल तर उघडी कातडी ५ ते १० मिनिटांत गोठते. आधी उतरून धुराड्याभोवतीचा बर्फ काढा, नाहीतर धूर आत येऊन झोपेतच जीव जातो. तासाला दहाएक मिनिटं इंजिन चालवा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवून. पुन्हा चालू करण्याआधी पुन्हा धुराडं बघा.

हिवाळ्यात घसरण्याची जागा वळण नसून चौक असते. गाड्या थांबून थांबून तिथला बर्फ काचेसारखा घासला जातो. उणे १५-२० च्या खाली मीठही फारसं काम करत नाही, म्हणून पाटी दिसण्याच्या बऱ्याच आधी पाय उचला. तुमच्या भागात, म्हणजे नैऋत्येला, शिनूक नावाचे उबदार वारे येतात. दुपारी गटारं वाहायला लागतात, लोक शर्टावर फिरतात, आणि रात्री तेच पाणी गोठून रस्ता आरसा होतो. शिनूकनंतरची सकाळ ही जानेवारीतल्या उणे ३५ पेक्षा जास्त धोक्याची.

वसंत हा शब्द ऐकून फुलं आठवत असतील तर मार्च-एप्रिलमध्ये ती आठवण बाजूला ठेवा. जमीन वरून वितळते, खाली मीटरभर अजून गोठलेली असते, पाण्याला खाली जायला वाट नाही. त्यामुळे रस्त्याचा वरचा थर पेजेसारखा होतो. पातळ डांबरी रस्ते याच काळात फुटतात, म्हणून जड वाहनांवर वजनाची बंदी येते. ती मोटारीला लागू नाही, पण ती लागली म्हणजे तुमचा ग्रिड रोडही मऊ झालाय असं समजा. जायचंच असेल तर पहाटे, रात्रीच्या गारठ्याने चिखल आवळलेला असताना. सकाळी सहाला गेलेल्या रस्त्याने दुपारी तीनला परत येता येईलच असं नाही. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर खोली बघत बसू नका, मागे फिरा. मोऱ्या बर्फाने तुंबलेल्या असतात आणि खालचा भराव वाहून गेलेला वरून दिसत नाही.

रेजायनाच्या आजूबाजूची माती, जिला इथे गंबो म्हणतात, ती आपल्या काळ्या कापशीच्या मातीची बहीणच. सुकली की भेगा, भिजली की लोणी. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला जास्त सांगायला नको: १० मिलिमीटर पावसात मातीची वाट बंद. फोर-बाय-फोर असली तरी काय होतं? चिखल मडगार्डमध्ये ठासत जातो आणि शेवटी चाकच फिरत नाही. रुतलात तर एक्सलेटर दाबून खड्डा खोल करू नका. एक दिवस ऊन-वारा मिळाला की तीच वाट पुन्हा टणक होते. चिखलातून आल्यावर महामार्गावर १०० ला स्टीअरिंग थरथरलं तर लगेच अलाइनमेंटचे पैसे देऊ नका. चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला गोळा आधी काढून बघा. हिवाळ्यात बर्फानेही हेच होतं.

एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत पेरणी. दोन्ही लेन व्यापणारी अवजारं रस्त्यावर येतात. मागे नारिंगी त्रिकोण दिसला की वेग लगेच उतरवा. १०० च्या वेगाने येणाऱ्याला ३० ने चाललेल्या ट्रॅक्टरपर्यंतचं अंतर डोळ्यादेखत संपतं. ट्रॅक्टर उजवीकडे सरकला म्हणजे वाट दिली असं गृहीत धरू नका. शेताच्या फाट्यात डावीकडे वळायलाही तो आधी उजवीकडे जातो. ड्रायव्हरने तुम्हाला पाहिलंय याची खात्री झाली तरच पुढे.

उन्हाळा हा खडीच्या रस्त्यांचा हंगाम. तेव्हा नकाशाचा जवळचा रस्ता धरायला हरकत नाही, पण खडीवर चालवायची सवय वेगळी लागते. पाटी नसेल तिथे मर्यादा ८०, नव्या माणसाने ६०-७०. ग्रिड रोडवर चाकांच्या बहुधा तीन चाकोऱ्या पडतात, म्हणजे दोन्हीकडचे लोक मधली वाटून घेतात. मोकळ्या सपाटीवर हे चालतं. चढाच्या माथ्यावर मात्र उजवीकडे यायचंच, पलीकडचाही मधूनच येत असतो. चाक कडेच्या सैल खडीत ओढलं गेलं तर स्टीअरिंग हिसकावू नका. एक्सलेटर सोडा, सरळ धरा, वेग उतरला की हलकेच वर घ्या. गाड्या उलटतात त्या खडीमुळे कमी, घाबरून दिलेल्या उलट हिसक्यामुळे जास्त. समोरून ट्रक आला की वेग कमी, उजवीकडे, आणि धूळ बसेपर्यंत कोणालाही ओलांडायचं नाही. काचेला टवका पडला तर लगेच भरून घ्या, पहिल्या थंडीत त्याची चीर होते.

ग्रिडच्या बऱ्याच चौकांत कोणतीच पाटी नसते. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पीक वाढलं की तो दिसत नाही. रेल्वे फाटकांवरही अनेक ठिकाणी फक्त लाकडी फुली असते, ना दांडा ना दिवा. मालगाडीला थांबायला किलोमीटरहून जास्त लागतो, तेव्हा थांबायचं तुम्हीच.

दुपारनंतर पश्चिमेला काळसर-हिरवट ढग दिसले तर गारा. गावातल्या कार-वॉशमध्ये किंवा पेट्रोल पंपाच्या छपराखाली गाडी घाला. पुलाखाली रस्ता अडवून थांबणं धोक्याचं. लहान गावांत संध्याकाळी पंपावर माणूस नसतो, कार्डाने भरायची सोय आहे की नाही ते आधी बघून ठेवा. उत्तरेकडच्या वणव्यांचा धूर काही वर्षी आठवडाभर बसतो, घरात दमा असेल तर हवेच्या गुणवत्तेचा आकडा बघून निघा.

जुलैत कॅनोला फुलतो, आपल्या मोहरीचा भाऊबंद, क्षितिजापर्यंत पिवळा. फोटो रस्त्यावरूनच काढा. १ जानेवारी २०२२ पासून इथे ग्रामीण खाजगी जमिनीवर फिरायला जाण्यापूर्वी मालकाची परवानगी लागते, कुंपण नसलं तरी. शिवाय बुटांच्या मातीतून क्लबरूट नावाचा रोग शेतात जातो आणि वर्षानुवर्षं मातीत राहतो. शेतकरी चिडतो ते त्यामुळे.

शरद इथला सर्वांत देखणा ऋतू आणि टकरींचा. ऑगस्टच्या मध्यापासून कापणी, रात्री उशिरापर्यंत धान्याचे ट्रक. सूर्य हाही एक अडथळा: रस्ते नेमके पूर्वपश्चिम असल्याने २१ मार्च नि २२ सप्टेंबरच्या आसपास तो बरोबर रस्त्याच्या टोकाला मावळतो. कामावरून घरी जाताना पश्चिमेला तोंड असेल तर त्या दोन आठवड्यांत वीस मिनिटं उशिरा निघा, आणि काच आतूनही पुसा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हरणांचा माजाचा काळ. पहाटे आणि तिन्हीसांजेला ती बेभान रस्ता ओलांडतात. एक गेलं की दुसरं मागे आहेच असं धरा. समोर आलंच तर सरळ रेषेत ब्रेक दाबा, चरात किंवा समोरच्या लेनमध्ये गाडी घालू नका. मूस हे भलंमोठं हरीण मात्र वेगळं प्रकरण. तो आता दक्षिणेच्या शेतांतही दिसतो. पाय उंच, अंग काळपट, डोळे हेडलाइटच्या झोताच्या वर, आणि धडकला तर सगळं धड काचेवर येतं. त्यावर उपाय एकच, अंधारात ९० च्या खाली चालवणं. वाळलेल्या गवतावर किंवा खुंटांवर गाडी उभी करू नका, गाडीखालच्या तापलेल्या नळीने ते पेट घेतं.

आई-बाबांना जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बोलवा. जूनमध्ये १६ तासांहून जास्त उजेड असतो, डिसेंबरात जेमतेम ८. डास सोसत नसतील तर सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे. व्हॅल मारीजवळचं ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यान तुमच्याकडून एका दिवसात होतं. मात्र पाणी आणि पेट्रोल भरून निघा, बायसनपासून १०० मीटर लांब राहा, आणि गवतात चपला नकोत. तिथे रॅटलस्नेक आहेत.

एक गोष्ट नकाशाबाबत राहिली. स्विफ्ट करंटच्या वायव्येला साउथ सस्कॅचेवान नदीवर लॅन्सर आणि लेम्सफर्डला गाड्या पलीकडे नेणाऱ्या सरकारी फेरीबोटी आहेत, ईशान्येला डिफेनबेकर तलावावर रिव्हरहर्स्टची. फुकट आहेत, पण पाणी मोकळं असेपर्यंतच. रिव्हरहर्स्टला हिवाळ्यात बर्फावरून रस्ता करतात. फेरीबोट बंद झाल्यापासून बर्फ पुरेसा जाड होईपर्यंत मधले काही आठवडे काहीच नसतं, आणि एप्रिलात पुन्हा तेच. नकाशा त्या दिवसांतही तुम्हाला थेट काठावर नेऊन सोडू शकतो. तिकडे निघण्यापूर्वी हायवे हॉटलाइनवर फेरीबोटींच्या रकान्यात बघा.